चहा उकळेपर्यंत जपानी

भाषा शिकायला वेळच मिळत नाही? लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात (१९०८–१९१४) पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंच शिकले. आपल्याला तेवढा एकांत नाही, पण दिवसात फटी सापडतात. माझा भोंगवली गावातला जपानी शिकण्याचा दिनक्रम:

🔸 सकाळी चहा उकळेपर्यंत: कालची अक्षरं न बघता वहीत.
🔸 एसटीत: कानात जपानी संवाद. ऐकायचं, पुटपुटायचं.
🔸 रात्री जेवणानंतर १५ मिनिटं: नवी ५ अक्षरं.

हिरागाना या जपानी लिपीची मूळ अक्षरं ४६, म्हणजे दहा दिवसांत संपली! रविवारी दोन तास घोकण्यापेक्षा रोजचं थोडं टिकतं, कारण विसरायच्या आत उजळणी होते. शेताच्या कामात खाडा पडलाच, तर दुसऱ्या दिवशी नुसती उजळणी.

तुमची फट कुठली? सांगा!