जीवन-मार्गदर्शक नेमण्यापूर्वी

भैरवगढच्या छिप्यांकडे चादर घ्यावयास गेलेली आपल्या समाजातील गृहिणी चादर उलटीसुलटी करून पाहते, कोपरा ओला करून रंग सुटतो की काय हे तपासते, आणि मगच भावाची गोष्ट काढते. तीच गृहिणी मुलासाठी ‘लाइफ कोच’ नेमताना मात्र सहा महिन्यांची फी एकदम पाठवून मोकळी होते. दोष तिचा नाही. चादर पारखणे तिला आईने शिकविले. ही नवी वस्तू कशी पारखावी हे सांगणारे घरात कोणी नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

कोच म्हणजे उपदेशक नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. ही पद्धत खेळाच्या मैदानातून आली. टिमोथी गॅल्वे या टेनिस-शिक्षकाने 1974 साली खेळाडूच्या मनातील झगड्यावर पुस्तक लिहिले. पुढे 1992 मध्ये जॉन व्हिटमोर यांच्या पुस्तकाने ती कचेऱ्यांत नेली. ध्येय काय, आजची स्थिती काय, मार्ग कोणकोणते आणि त्यांपैकी तू काय करणार, असे चार प्रश्न कोच विचारतो. उत्तरे ज्याची त्याने शोधावयाची. डिसेंबर 2024 मध्ये गुकेश बुद्धिबळाचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या मनाच्या तयारीसाठी पॅडी अप्टन सोबत होते. चाली शिकविणारे गुरुजी निराळे होते. तेव्हा कोचला आपल्या मुलाचा विषय येतो की नाही, ही चौकशी दुय्यम समजावी.

मुख्य अडचण अशी की, आपल्या देशात हा व्यवसाय करण्यास सरकारी परवाना लागत नाही. आज पाटी लावावी आणि उद्या कोच व्हावे! इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही 1995 साली निघालेली खासगी संस्था प्रमाणपत्रे देते. त्यांच्या तीन पायऱ्या आहेत: पहिलीस 60 तासांचे शिक्षण व 100 तासांचा अनुभव, दुसरीस 125 व 500, तिसरीस 200 व 2500. उमेदवाराने प्रमाणपत्र सांगितल्यास कोणत्या पायरीचे ते विचारावे, आणि संस्थेच्या यादीत नाव आहे का ते स्वतः पाहावे. प्रमाणपत्राने माणूस चांगला ठरतो असे नाही. पण खोटे सांगणारा तेवढ्याने उघडा पडतो.

याहून गंभीर गोष्ट आजाराची. आमच्या परिचयातील एका घरचा मुलगा स्पर्धापरीक्षेत दोनदा नापास झाला. घरच्यांनी आगाऊ पैसे भरून कोच नेमला. मुलाला रात्ररात्र झोप नव्हती, अन्नावरची वासना उडाली होती. कोच दर आठवड्यास नवे वेळापत्रक देत राहिला. चौथ्या महिन्यात त्याच्या आत्याने हट्टाने त्याला डॉक्टरांकडे नेले आणि औषधोपचार सुरू झाले. आता तो बरा आहे. पैसे बुडाले, त्याचे दुःख घरात कोणी करीत नाही. पण ते चार महिने वडिलांना अजून खातात. झोप-भूक गेली, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, की कोचचा विचार बाजूस ठेवून मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. मानसोपचार करणाऱ्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंद असते, ती विचारण्यास भीड धरू नये. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य आहे. चांगला कोच स्वतःच सांगतो की, हे माझे काम नव्हे.

आता फी. आपल्या उज्जयिनीत अंकपातावर सांदीपनींचा आश्रम आहे. श्रीकृष्णाने गुरुदक्षिणा विचारली ती विद्या पूर्ण झाल्यावर, ही कथा आपण सारे जाणतो. हल्ली दक्षिणा आधी आणि विद्या मागाहून! तितके ताणू नये, परंतु भेटीगणिक किंवा महिन्यागणिक पैसे द्यावेत. किती भेटी, प्रत्येक किती वेळ, मध्येच थांबल्यास परतावा किती, हे कागदावर घ्यावे. ‘आजच भरा, उद्या दर वाढेल’ म्हणणाऱ्यास, यशाची हमी देणाऱ्यास किंवा पुढचे महागडे शिबिर गळी उतरविणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा.

वडीलधाऱ्यांस एक विनंती. पैसे आपण दिले तरी बोलणे मुलाचे असते. ‘काय काय सांगितलेस?’ असे खोदून विचारू नये. मग तो तिकडेही बोलणार नाही. विचारावयाचे तर पहिल्या भेटीनंतर एवढेच विचारावे की, जास्त कोण बोलले, तू की ते? ‘तेच बोलत होते’ असे उत्तर आल्यास दुसरे नाव पाहावे. उत्तर मनाजोगे आल्यास, तीन महिन्यांत काय बदलावयास हवे ते मुलानेच वहीत लिहून ठेवावे आणि मुदत संपली की ती वही कोचसमोर उघडावी.