फाटक मोडून निघालेला घोडा

ट्रिएस्टे हे इटलीच्या ईशान्य टोकाचं बंदर. तिथे टेकडीच्या उतारावर सान जोव्हान्नी नावाचा मोठा बगीचा आहे. जुनी झाडं, चढत जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना सुट्या सुट्या इमारती. त्यांतल्या काहींत विद्यापीठाचे विभाग आहेत. शिवाय एक छोटं नाट्यगृह, रेडिओ केंद्र, खानावळ आणि हजारो रोपांचा गुलाबबाग. लोक इथे कुत्री फिरवायला येतात. पूर्वी हे वेड्यांचं इस्पितळ होतं. ‘याला येरवड्याला धाडायला हवं’ असं सहज म्हणून जाणाऱ्या आपल्याला ही वर्दळ जरा नवलाचीच वाटेल.

ट्रिएस्टे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात होतं तेव्हा, १९०८मध्ये, हे इस्पितळ सुरू झालं. वास्तुकार लोदोविको ब्राइदोत्ती. त्या काळी याहून चांगली रचना क्वचितच सापडली असती. एका प्रचंड वाड्यात सगळ्यांना कोंबण्याऐवजी वेगवेगळी दालनं, मोकळी हवा, हिरवळ, मध्यभागी नाट्यगृह आणि चर्चसुद्धा. पण भोवती कुंपण होतं आणि दारांना कुलपं. पुढे ट्रिएस्टे इटलीत आल्यावर, इटालियन कायद्यानुसार इथे दाखल होणाऱ्याची नोंद थेट गुन्हेगारांच्या दप्तरात जाई आणि ही तरतूद १९६८पर्यंत टिकली. भिंतींना फिके, ‘शांत’ रंग दिले की काम झालं असं मानणाऱ्या आजच्या रुग्णालय-रचनाकारांनी सान जोव्हान्नीचा हा पहिला अध्याय नीट पाहावा. सुंदर बागेतही माणूस कैदीच राहिला.

१९७१मध्ये फ्रांको बझालिया संचालक म्हणून आले, तेव्हा आत सुमारे १,२०० रुग्ण होते. त्यांनी नवीन इमारत बांधली नाही, दारं उघडली. पुरुष आणि स्त्रियांचे वेगळे विभाग मोडले. फुकट राबणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था निघाली, त्यांना रीतसर मजुरी मिळू लागली. बरे होऊनही ज्यांना घर नव्हतं, ते ‘पाहुणे’ म्हणून तिथेच राहिले, पण स्वतःच्या मर्जीने.

इस्पितळात धुण्याच्या कपड्यांची गाडी ओढणारा मार्को नावाचा घोडा होता. म्हातारा झाल्यावर तो कसायाकडे जाणार असं कळताच रुग्णांनी घोड्याच्याच वतीने प्रांताच्या अध्यक्षांना अर्ज केला आणि तो वाचला. पुढे १९७३च्या हिवाळ्यात, रिकाम्या केलेल्या एका दालनात रुग्ण, कलावंत आणि कर्मचाऱ्यांनी मिळून कागदाच्या लगद्याचा निळा, भलामोठा मार्को बनवला. पोटात रुग्णांच्या इच्छा भरल्या. मिरवणूक निघायची वेळ झाली आणि लक्षात आलं की घोडा दारातून मावत नाही! शेवटी लोखंडी बाकाच्या धडका देऊन दार फोडलं. इस्पितळाच्या नकाशात झालेली ही सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती, असं मला वाटतं. कुणा वास्तुकाराने ती सुचवलेली नव्हती.

पुढची रचना टेकडीवर नव्हे, शहरात झाली. १९७५मध्ये समुद्रकाठच्या बारकोला वस्तीत, एका बंगल्यात, मानसिक आरोग्य केंद्र उघडलं. अशी केंद्रं मग वेगवेगळ्या भागांत निघाली. ती दिवसरात्र चालू असतात, खाटा मोजक्याच आणि दारांना कुलूप नाही. माणूस तिथे औषधाला येतो, जेवायला येतो, नुसता बसायलाही येतो. कुठल्याही गल्लीतल्या कुठल्याही घरासारखं ते घर दिसतं, हीच त्याची रचना. तिथे शिरणाऱ्याकडे कुणी वळून पाहावं असं त्यात काही नाही.

मे १९७८मध्ये इटलीने कायदा क्रमांक १८० करून देशभरातली मनोरुग्णालयं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. सान जोव्हान्नी १९८०मध्ये बंद झालं, त्याच वर्षी बझालियाही गेले. बाकीच्या इटलीत मात्र घोडं अडलं. पर्यायी केंद्रं उभी राहिली नव्हती तिथे कुटुंबांचे हाल झाले आणि शेवटची इस्पितळं रिकामी व्हायला जवळपास वीस वर्षं गेली.