झोप मोडली तर अंगावर काढू नका



३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन करून माणसे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि किल्लारी-सास्तूर भागात दगडमातीच्या भिंतींखाली हजारो जीव गेले. वाचलेल्यांपैकी कित्येकांना पुढे छताखाली डोळा लागेना. आम्ही प्लॉट पाहायला गेलो की एखादे सभासद अजून म्हणतात, "साहेब, चारच्या आत जाग येतीच." २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यातल्या भूकंपाने नांदेडही हादरले. भीतीचा खोडवा असा पुन्हा फुटतो. त्याला भित्रेपणा म्हणू नये. ते दुखणे आहे.

लेकरू रात्री दचकून उठले तर रागावू नका. जवळ घ्या, मंद दिवा ठेवा, भीतीचे बोलणे दिवसा करा.

मोठ्यांनी संध्याकाळनंतर चहा-तंबाखू टाळावी. झोप येईना तर कूस बदलत पडू नये. उठून बसावे, डोळे जड झाले की आडवे व्हावे. रात्री मोटारीची पाळी नसेल तेव्हा उठण्याची वेळ एकच ठेवावी. दारूने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते.

महिनाभर असेच चालले तर मनाने गोळ्या घेऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, किंवा 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीत बोला. उसावर रोग दिसला की तुम्ही आम्हाला लगेच बोलावता. स्वतःच्या झोपेसाठीही तेवढीच घाई करा.