मेंढरं बसवायची की बंदुका द्यायच्या?

सुगी आटोपली की लोहा, कंधार, अहमदपूरच्या रानात धनगरांची बिऱ्हाडं दिसू लागतात. घोड्यावर संसार, त्यावर कोंबड्या, मागे मेंढरं. शेतकरीच त्यांना बोलावतो. मेंढरं रात्री रानात बसली की शेताला लेंडीखत मिळतं, बदल्यात धनगरणीला धान्य नाहीतर पैसे.

सुदानच्या दारफूर भागातही पिढ्यान् पिढ्या असंच चालायचं. अरब टोळ्यांचे उंट सुगीनंतर फर, मसालित शेतकऱ्यांच्या रानातून जायचे. पुढे दुष्काळ पडले, चारापाणी आटलं, तंटे वाढले. २००३ साली तिथे बंड झालं. ते मोडायला सरकारनं याच टोळ्यांतल्या तरुणांना बंदुका दिल्या. हेच ते जंजावीद. गावंच्या गावं जळाली. छावणीतून सरपणाला बायाच जायच्या, कारण पुरुष गेले तर जीवच जायचा. बायांवर अत्याचार झाले. जंजावीदांतून उभं राहिलेलं निमलष्करी दल एप्रिल २०२३ पासून सुदानच्या लष्कराशीच लढू लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यानं एल फाशर शहर घेतलं.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका, मैत्रिणींनो. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरचाच वकील. १९४७-४८ मध्ये निजामी राजवटीच्या आशीर्वादानं हत्यारं वाटली गेली, तेव्हा कितीतरी घरं कुलूप लावून वऱ्हाडात, सोलापूरकडे गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली, पण नंतरचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद मोजले. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. हत्यार कुणाच्याही हाती असो, भोगलं दोन्हीकडच्या बायांनी.

आज आपल्याकडे बंदुका नाहीत, पण गायरानं आक्रसत चालली आहेत. धनगराला चराई हवी, भूमिहीनाला पोटापुरता तुकडा हवा. १४ एप्रिल १९९० पूर्वी गायरान कसणाऱ्या भूमिहीनांना शासनानं जमीन नावावर करून द्यायचं ठरवलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. भूमिहीनांना मात्र सवलतीची वाट ठेवली. दोघांचीही गरज खरी आहे. मग भांडण वाढण्याआधीच बोलायला नको का?

ग्रामसभेआधी महिला सभा होते. तिथे नुसत्या सह्या करून येऊ नका. गावचं गायरान किती, ते कुणाकडे आहे, मेंढरांची वाट कुठून जाते, हे विचारा. सरपण, पाणी, चारा आणायला शेवटी आपल्यालाच जावं लागतं.