गुऱ्हाळाचा धूर आणि गुळाचा खडा

कोल्हापूरच्या परिसरात ऊस पक्व होऊन गुऱ्हाळांची चुलवाणे पेटली, म्हणजे चिपाडांच्या जाळासमोर तासन्‌तास बसणाऱ्या जळव्याच्या छातीत जो धूर साचतो, त्याचा उतारा त्याच काहिलीत शिजतो, अशी एक समजूत रूढ आहे. आणि नवल असे की, तिला शास्त्राचा थोडासा दाखलाही आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील साहू व सक्सेना यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या उंदरांच्या फुप्फुसांत कोळशाची आणि सिलिकेची धूळ सोडली होती, त्यांना गूळ चारला असता ते कण फुप्फुसांतून लसीकाग्रंथींकडे अधिक प्रमाणात सरकल्याचे आढळले. पण उंदीर म्हणजे जळव्या नव्हे, आणि धूळ म्हणजे धूरही नव्हे.

मनुष्यावरचा पुरावा आहे तो दुसऱ्याच एका अन्नाबाबतचा, चीनमधील चिडोंगचा. तेथे 291 रहिवाशांवर बारा आठवडे चाललेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ब्रोकोलीच्या मोडांचे पेय घेणाऱ्यांच्या मूत्रावाटे हवेतील बेंझीनचे निर्विष झालेले अंश 61 टक्क्यांनी अधिक बाहेर पडले. कारण त्यातील सल्फोराफेन हे गंधकयुक्त द्रव्य शरीराच्या विषनिवारक विकरांना जागे करते. ब्रोकोली ही आपल्या कोबी-मुळ्याचीच भाऊबंद, जरी हे द्रव्य त्यांत तितके विपुल नसले तरी.

अशा अन्नाऐवजी पोषकद्रव्यांच्या गोळ्यांची शिफारस करणाऱ्यांनी मात्र फिनलंडचा अहवाल अवश्य वाचावा: तेथे धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या वर्षानुवर्षे दिल्या, आणि त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला.