मातीतून निघालेलं जुनं नाणं घासून लख्ख का करू नये?

ब्रिटनमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालणारे हौशी लोक बरेच आहेत. यंत्र वाजतं, खणलं की हाती येतो मातीचा गोळा. मग ओळखायचं कसं?

पहिली खूण रंगाची. हिरवा थर असेल तर तांबं किंवा कांसं. तांबूस, फुगलेला गोळा म्हणजे लोखंड. चांदी काळवंडते, शिशावर पांढुरका थर चढतो. सोनं मात्र शेकडो वर्षांनीही पिवळंच!

खरी चूक यानंतर होते. आपण तांब्याची भांडी चिंचेनं घासतो, तसं नाणं घासलं की संपलं. कारण वरचा धातूच गंज बनलेला असतो. राजाचा चेहरा, अक्षरं बरेचदा त्या थरातच उरलेली असतात. लोखंडाच्या गंजात तर म्यानाच्या लाकडाच्या, कापडाच्या खुणाही टिकतात. म्हणून तज्ज्ञ आधी एक्स-रे काढतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू माती सोडवतात.

२०१० मध्ये कंब्रियातल्या क्रॉस्बी गॅरेटजवळ एक रोमन शिरस्त्राण तुकड्यांत सापडलं. आधी शास्त्रीय तपासणी होऊ द्या, ही विनंती मान्य झाली नाही. लिलावासाठी ते आधीच जोडून, साफ करून तयार केलं गेलं. किंमत २० लाख पौंडांच्या वर गेली, पण काही माहिती बहुधा कायमची पुसली गेली.

भारतात असं काही सापडलं तर? १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. न घासता.