निवृत्तीनंतरची द्राक्षबाग

पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकण एके काळी कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठीच ओळखले जाई. आता त्याचे नाव मोटारींच्या कारखान्यांशी जोडले गेले आहे. या पट्ट्यात यंत्रावर, कचेरीत किंवा वर्गात तीस वर्षे काढून निवृत्त होणाऱ्या, आणि सातबाऱ्यावर वडिलार्जित एखादा एकर असणाऱ्या माणसाच्या मनात घरची छोटी द्राक्षबाग लावण्याचा विचार आला, तर त्यात नवल नाही. याच रस्त्याने पुढे नारायणगावापर्यंत गेल्यास जुन्नर तालुक्यातील हिरवे मांडव त्याला खुणावतात.

तथापि, हा निवृत्तीनंतरचा विरंगुळा नव्हे. नऊ बाय पाच फुटांवर लागवड केल्यास एकरी सुमारे 968 वेली बसतात. प्रत्येकीवर तीस घड धरले, तरी एकोणतीस हजार घडांची विरळणी, बुडवणी व राखण करावी लागते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी कुणाच्या सवडीसाठी थांबत नाही. ढगाळ हवा आली की केवडा, भुरी व करपा यांच्याशी गाठ पडते. मग घरातील लग्न असो वा दुखणे, फवारणी चुकविता येत नाही.

एवढे करूनही यश हाती येईलच, असे नाही. नोव्हेंबर 2009 मधील ‘फयान’ वादळाच्या पावसाने अनेक बागांची वाताहत केली. पुढच्याच वर्षी एका वाढरोधक औषधाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकून पडली. पहिल्या तारखेच्या पगाराची सवय जडलेल्या मनाला ही अनिश्चितता पेलेल काय, हा विचार आधी व्हावयास हवा.

असे असले, तरी नोकरीतील वर्षे येथे अगदीच वाया जात नाहीत. युरोपला माल पाठविणाऱ्या नोंदणीकृत बागाईतदाराला औषध कोणते, प्रमाण किती आणि फवारणी कोणत्या तारखेस, हे सारे टिपून ठेवावे लागते. ज्याने आयुष्यभर आवक-जावक नोंदवही किंवा हजेरीपट चोख ठेवला, त्याला हे काम जड जाऊ नये. बारकाईने पाहण्याचे मोल तर फारच मोठे आहे. तासगाव भागातील वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतील वेगळी वेल हेरली नसती, तर ‘तास-ए-गणेश’ हा वाण महाराष्ट्राला लाभला नसता. शिकू इच्छिणाऱ्यासाठी 1960 पासून कार्यरत असलेला द्राक्ष बागाईतदार संघ, 1997 साली स्थापन झालेले मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र चाकणहून दूर नाहीत.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही बाग निवृत्तीनंतर नव्हे, निवृत्तीपूर्वी दोन वर्षे सुरू करावयास हवी. साधारणतः फेब्रुवारीत लावलेल्या खुंटावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात कलम बांधले जाते. पुढील वर्ष खोड व ओलांडे तयार करण्यात जाते आणि पहिला माल दोन वर्षांनी हाती येतो. छप्पन्नाव्या वर्षी अर्ध्या एकराने आरंभ केला, तर शिकण्याची किंमत पगारातून भागते. अठ्ठावन्नाव्या वर्षी भविष्यनिर्वाह निधीची सारी रक्कम मांडवाच्या तारांत व लोखंडी खांबांत गुंतविणारा मात्र स्वतःबरोबर पत्नीचे म्हातारपणही पणास लावतो.

वाइननिर्मितीचा मोहही आवरलेला बरा. 2001 च्या राज्य धोरणाने या उद्योगाला उत्तेजन दिले, हे खरे. परंतु नारायणगावाजवळ शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात उभारलेला नामांकित प्रकल्पही पुढे कर्जाखाली कोलमडला. तेथे अर्ध्या एकराच्या धन्याने तरी द्राक्षे पिकविण्यापुरतेच राहावे.

चाकणमध्ये त्याच जमिनीवर कामगारांसाठी खोल्या बांधल्या, तर दरमहा भाडे येईल आणि उन्हात उभे राहावे लागणार नाही. हा हिशेब खोटा नाही. कष्टाची हौस, पाण्याची खात्री आणि घरातील सर्वांची संमती या तिन्ही गोष्टी असतील, त्यानेच वेल लावावी. विशेषतः पत्नीची संमती गृहीत धरू नये, कारण घड विरळण्याचे निम्मे काम बहुधा तिच्याच हातून व्हावयाचे असते.